घरी आलं की शब्द फुटत नाही

या वेळी तीन पत्रं घेतली आहेत. पहिल्या पत्राला उत्तर लांबलंय, ते लांबणारच होतं. नव्या वाचकांसाठी माझ्याबद्दल थोडं सांगते. मी मुद्रितशोधनाचं काम करते, वय ४७, आणि मी ऑटिस्टिक आहे, म्हणजे माझ्या मेंदूची घडण जन्मापासूनच वेगळी आहे. निदान झालं ते ३९व्या वर्षी. मी डॉक्टर नाही. इथे लिहिते ते स्वतःच्या अनुभवावरून आणि वाचनातून. औषधोपचाराचे निर्णय तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच घ्या.

प्रश्न : ताई, माझं वय ३४. मी हिशेब विभागात काम करते. आठ महिन्यांपूर्वी मला ऑटिझम असल्याचं निदान झालं. सुरुवातीला मोकळं वाटलं, पण त्यानंतर सगळं बिघडतच चाललंय. ऑफिसात मी व्यवस्थित असते, सगळ्यांशी हसून बोलते. घरी आले की दाराशीच बसून राहते, तोंडातून शब्द फुटत नाही. नवरा विचारतो ते ऐकू येतं, उत्तर देता येत नाही. गेल्या महिन्यात त्याने ‘सुट्टीत कुठे जायचं ते ठरवू या का?’ एवढंच विचारलं आणि मी किंचाळले, भिंतीवर डोकं आपटलं. तो म्हणतो, ‘निदान झाल्यापासून तू जास्तच ऑटिस्टिक झालीस. आधी सगळं जमत होतं की.’ मलाही तसंच वाटतं. सगळे म्हणतात, स्वतःला स्वीकार. मला स्वीकारायचंय हो, पण स्वीकारायचं म्हणजे नेमकं करायचं काय?

उत्तर : तुमचा शेवटचा प्रश्न मी कागदावर लिहून टेबलासमोर चिकटवला आणि आठवडाभर तो बघत होते. निदानानंतर मलाही हेच कुणाला तरी विचारायचं होतं.

आधी एक गोष्ट. डोकं आपटण्याच्या पलीकडे, जगूच नये असा विचार कधी मनात आला, तर त्याच दिवशी नवऱ्याला आणि डॉक्टरांना सांगा. बोलता येत नसेल तर लिहून दाखवा. असा विचार थकव्यातूनही येऊ शकतो आणि त्यावर मदत मिळते.

आता नवऱ्याचं वाक्य. ‘आधी जमत होतं’ हे खरंच आहे. ते कशाच्या बळावर जमत होतं, हे त्यांना दिसलेलं नाही आणि बहुधा तुम्हालाही नाही. समोरच्याच्या डोळ्यांत किती वेळ बघायचं, कुठे हसायचं, ‘कशी आहेस’ला खरं उत्तर द्यायचं की ‘मजेत’ म्हणायचं, हात कुठे ठेवायचे, हे बहुतेकांना शिकावं लागत नाही. आपण ते पाहून पाहून पाठ करतो आणि दर वेळी आठवून आठवून करतो. याला मास्किंग म्हणतात, मुखवटा घालणं. लॉरा हल या संशोधिकेने आणि तिच्या सहकाऱ्यांनी यासाठी एक प्रश्नावली तयार केली आहे. तिचे तीन भाग आहेत : जे येत नाही ते युक्तीने भरून काढणं, ऑटिस्टिक खुणा लपवणं, आणि मनात नसताना चारचौघांत मिसळून गेल्याचं दाखवणं. मी ती वाचली तेव्हा तिसऱ्या भागाशी अडले. माझी सगळी नोकरी त्यातच गेली होती.

माझ्या ३९व्या वर्षी आमच्या कामाची जागा बदलली. नव्या जागेत माझ्या डोक्यावर एक ट्यूबलाइट होती आणि ती सतत गुणगुणायची. शेजारच्यांना ऐकू येत नसे. मागे प्रिंटर, समोर सारखं उघडझाप होणारं दार, बाजूच्या टेबलावर दोन फोन. मी काहीच बोलले नाही, कारण तक्रार करणारी बाई व्हायचं नव्हतं. चार महिन्यांनी मला वेलांटी पहिली की दुसरी हे सांगता येईना. सोळा वर्षं ज्या नजरेवर मी पोट भरलं ती नजरच गेली. एका संध्याकाळी बहिणीने विचारलं, ‘दिवा लावू?’ आणि ‘हो’ किंवा ‘नाही’ यांतला एकही शब्द मला सापडेना. मी न्हाणीघरात जाऊन फरशीवर अंधारात बसले. दोन तासांनी बाहेर आले तेव्हा ती दाराबाहेर जमिनीवर बसलेली होती.

याला नाव आहे, हे मला खूप उशिरा कळलं : ऑटिस्टिक बर्नआउट. डोरा रेमेकर या स्वतः ऑटिस्टिक असलेल्या संशोधक. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी २०२० साली ऑटिस्टिक माणसांच्या मुलाखतींमधून त्याची तीन लक्षणं मांडली. महिनोन् महिने न हटणारा थकवा, आधी येत असलेल्या गोष्टी येईनाशा होणं, आणि आवाज, उजेड, स्पर्श सोसण्याची ताकद कमी होणं. तुमचं पत्र पुन्हा वाचा, तिन्ही त्यात आहेत. म्हणजे तुम्ही ‘जास्त ऑटिस्टिक’ झालेल्या नाही. जेवढ्या होतात तेवढ्याच आहात, लपवायला लागणारं बळ मात्र संपलंय. निदानाने ते संपवलेलं नाही. ते संपत आलं होतं म्हणूनच तुम्ही निदानापर्यंत पोहोचलात, असं मला वाटतं.

हे नैराश्यासारखं दिसतं आणि कधी कधी दोन्ही एकत्र असतात, म्हणून डॉक्टरांना दोन्ही सांगा. एक फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. नैराश्यात पुष्कळदा ‘बाहेर पडा, माणसांत मिसळा’ असं सांगतात आणि त्याचा उपयोगही होतो. बर्नआउटमध्ये हाच सल्ला उलटू शकतो, कारण माणसांत मिसळूनच तर आपण इथवर आलेलो असतो. इथे आधी भार कमी करावा लागतो. मला निदानाआधी एका समुपदेशकाने ‘तुम्ही डोळ्यांत बघून बोलता, मग ऑटिझम कसा असेल?’ असं म्हणून परत पाठवलं होतं आणि एखाद्या मंडळात नाव घालायला सांगितलं होतं. मी पूर्ण वेळ त्यांच्या दोन भुवयांच्या मधोमध बघत होते. तो सल्ला पाळण्यात माझं एक वर्ष गेलं. म्हणून तुम्हाला हे इतकं आवर्जून सांगतेय.

भार कमी करायचा, तर तो कुठे आहे हे आधी कळायला हवं. ‘कशाने त्रास होतो ते लिहून काढा’ असं मला सांगितलं गेलं तेव्हा मी कोरी वही घेऊन बसले. मला काय वाटतंय हे मला कळतच नाही. ऑटिस्टिक माणसांपैकी साधारण निम्म्यांचं असं असतं, स्वतःच्या भावना ओळखणं आणि त्यांना नाव देणं अवघड जातं. याला अलेक्सिथायमिया म्हणतात. त्यात तहान, भूक, दुखणं या आतल्या खुणाही उशिरा कळणाऱ्या बऱ्याच जणी असतात. मी त्यांतलीच आहे. शेवटी मी भावना सोडून दिल्या आणि वेळ मोजली. डाव्या रकान्यात काय घडलं ते, उजव्या रकान्यात त्यानंतर किती वेळाने मला एक पान न चुकता तपासता आलं ते. तीन आठवडे हे केलं. मला वाटत होतं, बैठकांनी मी थकते. वहीत दिसलं ते वेगळंच. तासाभराच्या बैठकीनंतर मी वीस मिनिटांत कामाला लागत होते, कारण तिची वेळ आणि विषय आधी माहीत असे. न सांगता आलेल्या तीन मिनिटांच्या फोननंतर मात्र दीड तास जात होता.

ते बघून मी रडले. इतकी वर्षं मी स्वतःला माणूसघाणी समजत होते आणि अडचण निघाली ‘कधी’ या प्रश्नाची. पुढे काय होणार ते माहीत नसणं ऑटिस्टिक माणसांना फार जड जातं. आपल्यातल्या चिंतेशी त्याचा जवळचा संबंध आहे, हे अनेक अभ्यासांत आलंय. तुमच्या नवऱ्याचा प्रश्न परत बघा. ‘सुट्टीत कुठे जायचं ते ठरवू या का?’ त्यात कुठे, कधी, किती दिवस, काय काय न्यायचं, यांतलं काहीच ठरलेलं नाही, आणि तो आला दिवसभराचा मुखवटा उतरायच्या आत. त्यांच्या मनात प्रेमच होतं. तुमच्यापर्यंत मात्र ते दहा अनुत्तरित प्रश्न होऊन पोहोचलं.

तेव्हा वही घाला. तुम्ही हिशेबातल्या, हे काम माझ्यापेक्षा तुम्हाला सोपं जाईल. उजव्या रकान्यात ‘कसं वाटलं’ लिहू नका, मोजता येईल असं काही घ्या. किती वेळाने बोलता आलं, किती वेळाने बेरीज पहिल्या खेपेला बरोबर आली. बिघाड व्हायच्या आधीच्या खुणाही नोंदवा. माझ्या अशा : एकच ओळ तीनदा वाचली जाते, अंगातल्या कपड्याच्या शिवणी जाणवायला लागतात, आणि कुणीही काहीही विचारलं तरी मी ‘हो’ म्हणत सुटते. शेवटची खूण बहिणीने शोधली. बाहेरून दिसतं ते कधी कधी आपल्याला आतून दिसत नाही, म्हणून नवऱ्यालाही विचारा.

घराबद्दल एवढं करून बघा. घरी आल्यावर पहिली तीस-चाळीस मिनिटं कुणी काही विचारायचं नाही, दिवे मंद, शक्य असेल तर वेगळी खोली. आमच्याकडे माझी किल्ली खुंटीला उलटी अडकवलेली असली, की आज बोलणं होणार नाही हे बहिणीला कळतं. मला ते शब्दांत सांगावं लागत नाही, आणि आपण काही चुकलो की काय, ही तिची काळजीही वाचते. आवाज जातो तेव्हा पुष्कळांना टाइप करता येतं. एकाच घरात बसून एकमेकांना मेसेज पाठवण्यात लाजण्यासारखं काही नाही. सुट्टीचा विषय त्यांनी लिहून द्यावा, दोन पर्याय, तारखांसकट, आणि उत्तर द्यायला दोन दिवस.

हा पुढचा परिच्छेद नवऱ्याला वाचायला द्या. बायको किंचाळली, डोकं आपटलं, ते तुमच्यावरच्या रागाने नव्हे. त्याला मेल्टडाउन म्हणतात. मज्जासंस्थेला पेलवेल त्यापेक्षा जास्त आत गेलं की हे होतं आणि त्या क्षणी तिचा स्वतःवर ताबा नसतो. गप्प होऊन दाराशी बसणं हेही त्याच कारणाने होतं, फक्त आतल्या आत. त्याला शटडाउन म्हणतात. त्या वेळी समजावू नका, ‘काय झालं?’ विचारू नका, कारण प्रत्येक प्रश्न भरच घालतो. दिवा घालवा, पंखा-टीव्ही जे आवाज करतंय ते बंद करा, डोकं आणि भिंत यांच्यामध्ये उशी धरा. ‘मी इथे आहे’ एवढं एकदाच म्हणा आणि थांबा. हात धरायचा की नाही ते आधी, चांगल्या दिवशी, विचारून ठेवा. कुणाला घट्ट दाब हवासा वाटतो, कुणाला बोटाचा स्पर्शही नको असतो. दुसरा पूर्ण दिवस ती थकलेली असेल. त्या दिवशी हिशेब चुकता करू नका.

ऑफिसबद्दल थोडक्यात. निदान सगळ्यांना सांगायलाच हवं असं नाही. ‘मला सूचना लेखी मिळाल्या तर काम लवकर होतं’ हे निदान न सांगताही मागता येतं. मी जागा बदलून मागितली, फोनसाठी दुपारी एक ठरावीक तास ठेवला आणि कानात बोळे घालायला लागले. पहिल्या दिवशी ते बोळे घालताना हात थरथरत होते, सगळी खोली आपल्याकडे बघतेय असं वाटलं. एकीने विचारलं, ‘कान दुखतो का?’ मी म्हटलं, ‘नाही, आवाज सहन होत नाहीत.’ ती ‘बरं’ म्हणाली आणि कामाला लागली.

आता तुमचा प्रश्न, करायचं काय. मी समजत होते की स्वीकार ही एक भावना आहे, ती आधी मनात यावी लागते आणि मग सगळं सोपं होतं. माझ्या मनात ती येईचना. मनात होता तो संताप. सहावीत वर्गाबाहेर उभी राहिले तो तास, मोडलेली मैत्री, सोडलेली एक चांगली नोकरी, हे सगळं कुणाला तरी आधीच कळायला हवं होतं. तुमच्याही ३४ वर्षांचं असं काही असेल आणि त्याचं दुःख होऊ द्या, त्याची घाई करू नका. मी मात्र भावनेची वाट बघायचं सोडलं आणि कानात बोळे घातले. किल्ली उलटी अडकवली. फोनवर ‘मला लिहून पाठवाल का?’ म्हणायला शिकले. असं दोन वर्षं केल्यावर एके दिवशी लक्षात आलं, की बऱ्याच दिवसांत मी स्वतःला शिव्या दिलेल्या नाहीत. ट्यूबलाइटचा आवाज मला अजूनही आवडत नाही. तो आवडून घ्यायचा प्रयत्न मी करत नाही आणि तुम्हीही करू नका.

२०१८ साली ब्रिटनमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्या ऑटिस्टिक प्रौढांना इतरांनी आपल्याला स्वीकारलंय असं वाटत होतं आणि ज्यांनी स्वतःलाही स्वीकारलं होतं, त्यांच्यात नैराश्याची लक्षणं कमी आढळली. ‘इतरांनी’ हा शब्द त्यात आहे, तो सोडू नका. स्वतःला स्वीकारायचं सगळं ओझं तुमच्या एकटीच्या खांद्यावर नाही. निम्मं तुमच्या नवऱ्याचं आहे, आणि हे मी त्यांना दोष द्यायला म्हणत नाही. ती बाहेर फरशीवर बसलेली बहीण नसती तर माझी वही कोरीच राहिली असती.

प्रश्न : ताई, मी २२ वर्षांचा आहे. लहानपणीच ऑटिझमचं निदान झालं. टेन्शन आलं की मी मागेपुढे डुलतो आणि बोटं झटकतो. घरचे म्हणतात, आता मोठा झालास, लोक बघतात, हे बंद कर. मी बंद केलं. आता डुलत नाही, पण गालाचा आतला भाग चावून चावून सोलतो आणि रोज डोकं दुखतं. मी अजून जास्त प्रयत्न करायला हवा का?

उत्तर : नाही. जे बंद केलंस ते परत सुरू कर.

तुझं डुलणं हे वाईट वळण नव्हतं. भोवतालचा गोंगाट वाढला की शरीर स्वतःला एकच ठरावीक, ओळखीची लय देतं आणि त्यावर टेकतं. याला स्टिमिंग म्हणतात. २०१९ साली स्टीव्हन कॅप आणि सहकाऱ्यांनी ३२ ऑटिस्टिक प्रौढांना याबद्दल विचारलं, तेव्हा त्यांनी हेच सांगितलं, की याने शांत व्हायला मदत होते, आणि ते सक्तीने थांबवणं त्यांना मान्य नव्हतं. तू डुलणं बंद केलंस, पण त्याची गरज गेली नाही. ती गालात शिरली. डोकेदुखीचं मात्र डॉक्टरांना दाखव, सगळं यावर ढकलू नकोस. गालाची जखमही दाखव.

बदलायचं ते फक्त इजा करणारं. त्यासाठी चावण्याला पर्याय शोध, आणि तो तसाच जाणवणारा हवा. दातांना दाब हवा असेल तर बोटात फिरवायचं खेळणं कामाचं नाही. चावायला बनवलेले रबरी लोलक मिळतात, ते बघ. शरीराला घट्ट दाब हवासा वाटत असेल तर जड पांघरूण बघ. टेंपल ग्रँडिन या ऑटिस्टिक प्राध्यापिकेने तरुणपणी दोन्ही बाजूंनी अंग दाबून धरणारं यंत्रच स्वतःसाठी बनवलं होतं, गुरांना शांत करणारा पिंजरा पाहून. माझ्या खिशात पंधरा गाठी मारलेली सुती दोरी असते. बैठकीत टेबलाखाली मी ती पहिल्या गाठीपासून पंधराव्यापर्यंत आणि परत मोजते. सुरुवातीला लपवून मोजत होते, आता टेबलावर ठेवते.

घरच्यांना लोकांची भीती वाटते, ती खोटी नाही. लोक बघतात. तू त्यांना एकच गोष्ट दाखव, तुझा गाल. तोंड उघडून, उजेडात. आणि विचार, डुलणं की हे, यांतलं काय चालेल? त्यांना तू डुलताना त्रास झाला असेल, पण मुलाच्या तोंडातलं रक्त त्यांना चालणार नाही. जमलं तर ऑटिस्टिक मुलामुलींचा एखादा गट शोध. आपल्याला माणसांशी बोलताच येत नाही, असं आपल्याला लहानपणापासून सांगितलं जातं. डेमियन मिल्टन या ऑटिस्टिक समाजशास्त्रज्ञाने २०१२ साली म्हटलं, की न कळणं दोन्ही बाजूंनी असतं, आपल्याला त्यांचं आणि त्यांना आपलं. पुढे कॅथरिन क्रॉम्प्टन आणि सहकाऱ्यांनी कानगोष्टीच्या खेळासारखा प्रयोग केला, एकाने दुसऱ्याला गोष्ट सांगायची, दुसऱ्याने तिसऱ्याला. ऑटिस्टिक माणसांच्या साखळीत गोष्ट इतरांच्या साखळीइतकीच नीट पोहोचली. तुझ्यासारखेच डुलणारे चारजण एका खोलीत असतील, तर तुला तिथे डुलणं आठवणारही नाही.

प्रश्न : ‘स्वमग्न’ म्हणावं, ‘ऑटिस्टिक’ म्हणावं की ‘ऑटिझम असलेली व्यक्ती’? मला प्रत्येकजण वेगळं सांगतो.

उत्तर : ज्या माणसाबद्दल बोलताय त्याला विचारावं आणि तो म्हणेल ते म्हणावं. मी स्वतःला ऑटिस्टिक म्हणते, कारण ऑटिझम माझ्यापासून वेगळा काढून बाजूला ठेवता येत नाही. मला वाटतं, माझ्या वाचण्यातही तो आहे. चुकलेला ऱ्हस्व-दीर्घ मला पानावर उचलून धरल्यासारखा दिसतो.

‘स्वमग्न’ हा शब्द मराठीत रुजलाय, अनेक पालक तो मायेने वापरतात आणि त्यांना मी टोकत नाही. माझ्यासाठी मात्र तो वापरत नाही. ‘ऑटिझम’मध्ये ग्रीक ‘ऑटोस’ म्हणजे ‘स्वतः’ आहे. स्विस मानसोपचारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९११च्या सुमारास तो शब्द स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांबद्दल वापरला. १९४३ साली लिओ कॅनर यांनी ११ मुलांचं वर्णन करताना तोच घेतला आणि आपण त्याचं मराठी केलं. बाहेरून बघणाऱ्याला मूल स्वतःत बुडालेलं दिसलं असेल. मी लहानपणी तासन् तास खिडकीशी बसायचे तेव्हा स्वतःत अजिबात नव्हते. पडद्याच्या विणीतून येणारा उजेड जमिनीवर किती चौकटी पाडतो आणि त्या किती वेळाने सरकतात, ते बघत होते. दुपारी चारपर्यंत त्या भिंतीला टेकायच्या.